बोहनीआधी

“बोहनी झाली का गं?” सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरात, मुंजाबानं बायकोला विचारलं.

बानाबाई भाकरी थापत होती. तिला आधी हसू आलं. मग वळून पाहिलं तर नवरा पडद्याआड उभा, बोलावल्याशिवाय बाहेर यायला तयार नाही. पिठाचा हात तसाच धरून ती म्हणाली, “झाली. या.” तेव्हा कुठं तो जेवायला बसला.

पोलीस ॲक्शनच्या साली, रांगत्या वयात, तापानं त्याचा डावा पाय वाळला. मेंढरांमागं चालणाऱ्या घरात हे न चालणारं पोर. थोडा मोठा झाल्यावर बापानं त्याला गुलमंडीत तात्यासाहेबांच्या कापडदुकानात आणून टेकवलं. तात्यासाहेब वेरूळकडचे, बागाईतदार, मनानं बरे. पहिल्याच सकाळी त्यांनी मायेनं समजावलं: दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या नजरेला लंगडा माणूस पडू नये, गिऱ्हाईक फिरून जातं. म्हणून बोहनी होईस्तोवर त्यानं मागच्या कोठीत बसावं. पहिला माल विकला गेला की समोरून हाळी यायची, “आता ये रे.” मग दिवसभर घड्या घालायला तो मोकळा.

एखाद्या दिवशी बोहनीला दुपार व्हायची. तो पोत्यावर बसून कोऱ्या कापडाच्या वासात वाट पाही. अशी वर्षं गेली आणि कोठी त्याच्याबरोबर हिंडू लागली. मेहुणीच्या लग्नात तो अक्षता पडेपर्यंत मांडवाबाहेर थांबला. पोरगी झाली तेव्हा दवाखान्याच्या दारातच उभा राहिला. लेकराला पहिलं तोंड आपलं दिसायला नको. झोपेतही त्याचा कान टवकारलेला असे. काय ऐकता, असं बानाबाईनं विचारलं की म्हणे, हाळी यायचीय अजून.

एका पावसाळ्यात तात्यासाहेबांना लकवा झाला. उजवा पाय गेला. दिवाळीच्या तोंडावर, सकाळीच, त्यांच्या काठीचा आवाज कोठीत ऐकू आला. मुंजाबा उठला. त्यानं पोतं झटकलं, दुसरं एक शेजारी अंथरलं, टेकायला कापडाचा तागा लावला आणि पडद्याकडे बघत थांबला.

काठीचा आवाज गादीपाशी थांबला. पाठोपाठ रामकिसन पाटील आला. लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायचं होतं. “तात्यासाहेब, तुमचं दर्शन झालं, आता काम लई चांगलं व्हनार,” तो म्हणाला. साड्या उलगडल्या जाऊ लागल्या.

मुंजाबा थोडा वेळ थांबला. मालक विसरले असतील, असंच त्याला वाटलं. पडदा सारून तो पुढं आला.

“मालक, तुमची जागा मागं केलीय.”

पाटील खो खो हसला. तात्यासाहेब हसले नाहीत. गादीवर लांबवलेल्या पायावर त्यांनी धोतर ओढलं.

“मुंजा, अजून व्हायचीय. आत जा.”

तो हलला नाही. तात्यासाहेबांनी आवाज खाली आणला, पहिल्या सकाळी होता तसाच मायेचा. “माझा पाय आजारानं गेला बाबा. तुझा नशिबानं. फरक असतो.”

पाटलानं उलगडलेल्या साडीवरचा हात काढून घेतला.

मुंजाबानं मालकाच्या पायाकडं पाहिलं, मग आपल्या. मागं पडदा अजून हलत होता. त्यानं वाळक्या गुडघ्यावर हात रोवला, गादीपुढून पायरी उतरला आणि चालता झाला.