दोष टाचण्यांचा

हार्ट अटॅक हा विषय मास्तरांच्या मालकीचा होता. स्वतःला येऊन गेला होता ना! शर्ट शिवायला आलेला माणूस छातीचं माप देता देता सगळी कहाणी ऐकूनच बाहेर पडायचा. छातीवर कुणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं कसं वाटलं, डावा हात कसा भरून आला, घामानं बनियन कसा पिळून निघाला. "हार्टचं मला विचारा," असं म्हणून मास्तर मापाची टेप गळ्यात टाकत. डॉक्टरांच्या गळ्यात काय असतं, ते गिऱ्हाइकानं समजून घ्यायचं.

खाली दुकान, वर घर, मधे अरुंद जिना. मास्तरांनी कापायचं आणि वहिनींनी शिवायचं, ही नवरा-बायकोची जुनी वाटणी. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको, पण सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. मास्तर आजारी पडले तेव्हापासून कापणंही वहिनींच्या गळ्यात पडलं. वर त्यांच्या गोळ्या, त्यांचं आळणी जेवण, त्यांना फिरायला पिटाळणं. मास्तरांनी मिठाच्या डब्याकडे नुसतं पाहिलं तरी वहिनी डोळे वटारत. वहिनींकडे कोण बघत होतं म्हणाल, तर कुणी नाही. वहिनींना काय धाड भरणार, असं सगळे धरून चालले होते आणि त्यात वहिनीही आल्या.

त्यामुळे त्यांचा जबडा दुखायला लागला, तेव्हा कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. वहिनी दिवसभर टाचण्या दातांत धरून काम करत, बोलायचं झालं तरी टाचण्यांच्या फटीतून बोलत. "टाचण्यांनी दुखतंय," त्या म्हणाल्या. "टाचण्यांनीच," मास्तरांनी शिक्कामोर्तब केलं. पाठीत कळ यायची, ती मशीनवर वाकून. मळमळायचं ते पित्तानं. जिना चढताना धाप लागायची, ती वयानं. दुखणं आलं की कारण तयार.

एकदा मात्र वहिनींनी भीत भीत विचारलं, "अहो, हे हार्टचं तर नसेल?"

मास्तर चक्क हसले. "अगं, हार्टचं असं नसतं. छातीत दुखतंय का? डावा हात भरून येतोय? नाही ना? मग झालं तर." जाणकार माणूस घरातच होता. वहिनींनी टाचण्या परत दातांत धरल्या.

मग दुकानाला रंग द्यायचा निघाला. मशिनी झाकल्या, काम बंद, वहिनींना सक्तीची सुट्टी. पण स्वस्थ बसतील त्या वहिनी कसल्या! त्याच आठवड्यात एका दुपारी धुतलेल्या पडद्यांची बादली घेऊन त्या जिना चढायला लागल्या आणि मधल्याच पायरीवर खाली बसल्या. मास्तर मागून येत होते. वहिनींनी दोन्ही हातांनी जबडा धरला होता आणि कपाळ घामानं भिजलं होतं.

"काय गं?"

"जबडा. परत तेच."

"तरी सांगत होतो, टाचण्या कमी धरत जा..." मास्तर बोलता बोलता अडखळले. टाचण्यांची डबी आठवडाभर कपाटात होती. माप चुकलं की कपडा अंगावर चढताच कळतं, तसं त्यांना आता कळलं. टाचणी नाही आणि तरी जबडा दुखतोय. मशीन बंद आणि पाठीची कळ सकाळीच येऊन गेली होती, तीही झाडलोट करताना.

"चल. हॉस्पिटलात."

"एवढे पडदे वाळत घालते आणि..."

"पडदे गेले खड्ड्यात." बायकोशी ते असं कधी बोलत नसत. टॅक्सीत त्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि वाटेत शहाणपणाचा एक शब्द काढला नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर बाईंनी ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं आणि वहिनींना लगेच आत नेलं. हार्टच होतं. ज्या विषयावर मास्तर गल्लीभर बोलत सुटायचे, त्याच विषयानं आज त्यांची बोबडी वळली. तिनं विचारलं होतं आणि आपण हसलो, एवढंच डोक्यात फिरत होतं. ही गेली तर आपण राहून काय करायचं?

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाई बाहेर आल्या. "एक नळी फार अरुंद झाली होती. स्टेंट घातलाय. हृदयाला फारशी इजा झालेली नाही. वेळेत आणलंत."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते भिंतीला टेकले. मग हळूच म्हणाले, "पण तिला छातीत तर दुखत नव्हतं."

"बायकांनाही बहुतेक वेळा छातीत दुखतंच. पण पुष्कळ जणींना जबडा, पाठ, मळमळ, धाप, नुसता थकवा, असलंच जास्त जाणवतं. मग घरचे चुकतात, कधी कधी डॉक्टरही चुकतात. पाळी असेपर्यंत बायकांना थोडं संरक्षण असतं, म्हणून पुरुषांना हे सहसा आधी गाठतं. पाळी गेली की बायकांचाही धोका वाढत जातो." त्यांनी कागद चाळले. "बाळंतपणात यांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं?"

"हो, लेकीच्या वेळी. पण ती आता नोकरी करते."

"करू दे. तेही धरायचं असतं."

"मला फक्त माझाच अटॅक माहीत होता, डॉक्टर."

त्या हसल्या. "सगळ्यांचं तसंच असतं."

वहिनी जाग्या होत्या. चेहरा उतरलेला, पण डोळे नेहमीचे. मास्तर खाटेजवळ उभे राहिले. "मी तुला हसलो होतो गं."

"आणि मीही ऐकलं तुमचं. एरवी कधी ऐकते?"

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. कोटाचं गिऱ्हाईक होतं. मास्तर म्हणजे दिलेल्या तारखेला पक्के, पण आज त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "कोट होईल तेव्हा होईल. माझी बायको वाचलीय."

पलीकडून गिऱ्हाईक म्हणालं, "अभिनंदन, मास्तर."

तोवर कोरडे राहिलेले मास्तर फोन कानाला लावून लहान पोरासारखे रडायला लागले. शेवटी वहिनींनीच हात लांब करून फोन घेतला.

"भाऊ, कोटाचं नंतर बघू हं," त्या म्हणाल्या. "मी फार दमलेय. आता झोपते." आणि फोन नवऱ्याच्या हातात देऊन त्या खरंच झोपल्या.