मंडळाची कॅरॅव्हॅन

‘नवा रंग दिसला की मी आधी नखानं खरवडून बघतो,’ असं लक्ष्मीकांत धुरी एकदा म्हणाले होते. तेही कुठे, तर धैर्यशीलच्या नव्या फ्लॅटच्या जेवणाला, यजमानाने हौसेने रंगवून घेतलेल्या भिंतीकडे बघत. लोक हसले. धुरी हसले नाहीत. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, प्रेमा तिचं नाव, श्रीखंडाच्या वाटीत मान घातली आणि निघेपर्यंत वर काढली नाही.

एकोणतीस वर्षं हे असंच चाललं होतं. धुरी कणकवलीच्या बाजूचे. आयटीआय करून कुवेतला आले आणि मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका ठेकेदार कंपनीकडून वेल्डिंगची तपासणी करू लागले. टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आणि पिवळा खडू, एवढी त्यांची हत्यारं. एखाद्या जोडावर त्यांनी फुली मारली की तो जोड कापून पुन्हा करायचा, मग साहेब कोरियाचा असो की केरळचा. फुली मारायची सवय त्यांनी घरी आणली, तिथून मराठी मंडळात नेली. बँकवाल्यांना ते ‘टायवाले’ म्हणत, कॉम्प्युटरवाल्यांना ‘खुर्चीतले पैलवान’. जाब्रिया भागातल्या डॉक्टरांबद्दल त्यांचं मत होतं की यांचा अर्धा जन्म पार्किंग शोधण्यात जातो आणि उरलेला पार्किंगबद्दल बोलण्यात.

मंडळीही काही कमी नव्हती. जुनी गाडी घ्यायची असली की धुरीकाकांना न्यायचे, जुना एसी घ्यायचा असला की धुरीकाकांना न्यायचे. काका उन्हात गाडीखाली शिरत, बाहेर येऊन ‘घेऊ नका’ म्हणत आणि लोक ती गाडी घेत. त्या गाडीच्या पेढ्यांना काकांना कुणी बोलवत नसे. प्रेमाला मात्र बोलावणं असायचं, स्वयंपाकघरात. गणपतीला तीनशे मोदक ती एकटी वळायची. मग कुणीतरी माइकवरून ‘महिलावर्गाचे आभार’ मानायचं आणि महिलावर्ग म्हणून पैठण्या नेसलेल्या सात-आठ जणी स्टेजवर चढायच्या. प्रेमा तेव्हा मोदकपात्र घासत असायची.

ऑक्टोबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. धुरींच्या कंपनीने त्यांना डिसेंबरअखेर निवृत्त करत असल्याचं पत्र दिलं, आणि मंडळाला कॅरॅव्हॅन घ्यायची हुक्की आली.

हुक्की धैर्यशीलची. हा मंडळाचा अध्यक्ष, पुण्याचा, बँकेत जोखीम विभागात मोठ्या हुद्द्यावर. थंडी पडली की कुवेती कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकतात, ते बघून मंडळालाही हिवाळ्यासाठी आपलं काहीतरी हवंसं वाटू लागलं होतं. तंबू नको. तंबूत फोटो चांगले येत नाहीत. इंग्लंडात समुद्रकाठी लोक जी एका जागी ठेवलेली लांबलचक घरं विकत घेतात, तसली एक अम्गऱ्याच्या भंगारवाल्यांत मिळत होती. ती दक्षिणेकडच्या वफ्र्याला, धैर्यशीलच्या ओळखीच्या एका कुवेती माणसाच्या शेतावर, ठेवायची. काही कटकट्या सभासदांनी विचारलं, की मुलं आत जाणार, तर जाणकाराने पास केली आहे का? तेव्हा धुरीकाकांची आठवण झाली.

गुरुवारी संध्याकाळी प्रेमाच्या फोनवर निमंत्रणपत्रिका आली. तिने ती तीनदा वाचली. उद्घाटन सौ. प्रेमा धुरी यांच्या हस्ते. तांत्रिक तपासणी व मंजुरी श्री. लक्ष्मीकांत धुरी. त्यानंतर धुरी दांपत्याचा निरोप-सत्कार, शाल आणि श्रीफळ.

‘अहो, बघलात? माझा नाव आसा. तुमच्या आधी माझा!’

धुरींनी चष्मा वर सारून वाचलं. ‘मंजुरी? मी तर अजून ती बघूक नाय.’

‘उद्या बघूक जातलात मा!’

‘पत्रिका आज आणि तपासणी उद्या. ह्येंच्याकडे बारसा आधी आणि बाळंतपण मागीर.’

‘तुमका कधी कोणाचा बरा बोलाक येवचा नाय काय?’

‘बरा आसला तर बोलतलय,’ म्हणत ते बातम्या बघायला बसले.

प्रेमाने कपाटातून मोरपंखी साडी काढली. घेऊन सहा वर्षं झाली होती, घडी मोडायला कारण मिळालं नव्हतं. तिला शाल नको होती, श्रीफळही नको होतं. एकोणतीस वर्षं जिथे राबलो तिथून जाताना एकदा लोकांनी आपल्याकडे तोंड करून टाळ्या वाजवाव्यात, एवढंच तिला हवं होतं. ते मिळणं उद्याच्या एका ‘हो’वर होतं, आणि तो शब्द ज्या तोंडातून यायचा ते तोंड तिला चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी धैर्यशीलने आपल्या मोठ्या गाडीतून धुरींना आणि प्रेमाला अम्गऱ्याला नेलं. बरोबर त्याची बायको अर्चना, मंडळाची सचिव. तिने सँडविचेस आणली होती, चहा आणला होता, आणि उद्घाटनाची लाल फीतही आणली होती, लावून कशी दिसते ते बघायला. गंजलेल्या कंटेनरांच्या रांगांमधून गाडी गेली आणि इद्रीसच्या आवारात थांबली. इद्रीस पेशावरचा, जुनी पत्र्याची घरं घेऊन विकणारा. त्याने खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

कॅरॅव्हॅन समोर उभी होती. दुधी रंग, वर निळा पट्टा, दोन्ही कालपरवाचे. एका कंपनीने आपल्या गोऱ्या इंजिनियरांसाठी कधीकाळी बोटीने आणवलेली. इंजिनियर गेले, ही राहिली. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते. लग्न मोडल्यावरही मांडव राहावा तशी ती दिसत होती.

‘वॉव,’ अर्चना म्हणाली. प्रेमालाही छान वाटली. तिने तसं म्हणूनही टाकलं, मोठ्याने, नवऱ्याला ऐकू जाईल असं.

धुरी आत गेले आणि लगेच दारात आले. ‘आत गॅसचा हीटर आहे. एसी बसवायला जागा नाही.’

‘काका, ते डिटेल्स नंतर. आधी फील घ्या ना, फील!’ धैर्यशील म्हणाला.

‘थंड मुलखाचं घर आहे हे. भिंती चार बोटांच्या, छताचे सांधे उन्हानं उकललेत. मार्चनंतर आत पापड भाजून घ्या. आणि दार एकच. आग लागली तर मुलं कुठून काढणार?’

‘आग कशाला लागेल?’

‘लागायच्या आधी ती विचारत नाही.’ धुरी आता पायरीवर बसले. ‘जागा कोणाची?’

‘आमचे क्लायंट आहेत. मोठं शेत आहे त्यांचं.’

‘लेखी काय दिलंय?’

‘लेखी कशाला? इन्शाल्ला म्हणालेत.’

‘किती वर्षं?’

‘काका, इन्शाल्लाला काय वर्षं असतात?’

त्या भल्या माणसाने जेवणाच्या टेबलावर सौजन्याने एक शब्द उच्चारला होता. जोखीम विभागाच्या अधिकाऱ्याने तो भाडेकरार समजून मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवला होता.

‘आणि उद्या हलवा म्हणाले तर?’

‘चाकं आहेत की!’

इद्रीसला हसू आवरेना. ‘साब, ये पहिए पर नहीं चलेगा. पहिया सिर्फ दिखाने का है. क्रेन आएगा, लंबा ट्रेलर आएगा.’

‘शेताचं फाटक किती रुंद आहे?’ धुरींनी विचारलं.

फाटक कुणी मोजलं नव्हतं. फीत मोजून घेतली होती. तीन मीटर.

धुरींनी पुठ्ठा मागून घेतला, जमिनीवर अंथरला आणि साठीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस उताणा होऊन कॅरॅव्हॅनखाली सरकला. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. धैर्यशील आणि अर्चना फीत धरून दाराशी फोटो काढू लागले. प्रेमा पाण्याची बाटली घेऊन नवऱ्याच्या पायांजवळ उभी राहिली, म्हणून इद्रीस खाली वाकून काय म्हणाला ते तिला नीट ऐकू आलं.

‘बाबूजी, मैंने इनको बोला था. नीचे लोहा फटा है. बोले, रंग मार दो, दिखना नहीं चाहिए.’

प्रेमाने बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. फोटो काढणाऱ्यांकडे बघितलं. अर्चना तिला हात करून बोलवत होती, ‘काकू, या ना, तुमच्याशिवाय कसं!’ एवढ्या वर्षांत फोटोला तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली. मधोमध उभी राहिली. तिच्या हातात कात्री दिली गेली, खोटी खोटी, आणि ती हसलीसुद्धा.

धुरी बाहेर आले तेव्हा पाठीला धूळ आणि नखांत दुधी रंग होता. चहासाठी सगळे आत बसले. न्हाणीघराच्या दारापाशी पाय पडला की जमीन पिकल्या फणसासारखी दबत होती, तिथे अर्चनाने चटई टाकली. टेबलावर धैर्यशीलने एक कागद ठेवला. टाइप करून आणलेला. वाहन सुस्थितीत असून वापरास योग्य आहे.

‘एक सही, काका. पंचवीस मुलं नाचायला तयार बसलीयेत.’

‘मग नाचूच दे,’ धुरी म्हणाले. ‘खालचा मुख्य बार तडकलाय. तडा पुट्टीने बुजवून वर रंग मारलाय. क्रेनने उचलली तर कमरेत मोडेल. तिथे वाचली तर मुलं नाचताना मोडेल. बुजवायला कुणी सांगितलं तेही मला माहीत आहे.’

धैर्यशीलने चहाचा घोट घेतला. त्याला राग आला नाही. रागावायला थोडी तरी लाज लागते. ‘काका, बार वेल्ड करून घेऊ की. पुढच्या महिन्यात. आत्ता कार्यक्रम तरी होऊ दे. आणि तुम्ही तर डिसेंबरात चाललात, मागचं आम्ही बघून घेऊ.’

‘प्रत्येक गोष्टीत खोट काढायलाच हवी का?’ अर्चना म्हणाली. ‘निदान काकूंचा तरी विचार करा. किती खूश आहेत त्या. सही नसेल तर कार्यक्रमच नाही हो, मग सत्कार तरी कसा करणार?’

धुरींच्या ओठांवर काहीतरी येत होतं. प्रेमाला ते ओळखता यायचं. डावी भुवई आधी चढायची, मग हनुवटी, मग शब्द. तो शब्द एकदा बाहेर पडला की साडी पुन्हा कपाटात जाणार होती, आणि यापुढे ती कणकवलीत नेसायची कुणासमोर? तिने टेबलावरचं पेन उचललं. टोपण काढलं. नवऱ्यापुढे धरलं.

‘करा ओ सही,’ ती हळू म्हणाली. ‘खाली वाकान कोण बघता?’

धुरींनी तिच्याकडे पाहिलं. इद्रीस बोलला तेव्हा ती पायांशीच उभी होती, तिनेही ते ऐकलंय, हे त्यांना आता कळलं, हे तिला दिसलं. भुवई खाली आली. ती उत्तराची वाट बघू लागली. टायवाल्यांना असतो तसला टोमणा, साहेबांना असते तसली फुली, काहीही चाललं असतं. पेन धरलेला हात अवघडला तरी तिने तो खाली घेतला नाही. धैर्यशील फोनमध्ये बघत होता. अर्चनाने सँडविचचा डबा पुढे सरकवला.

धुरींनी टॉर्च शर्टाच्या खिशात ठेवली, आरसा फडक्यात गुंडाळला. उठले. चटईला वळसा घालून दारापर्यंत गेले, एका हाताने चौकट धरून पायऱ्या उतरले आणि इद्रीसच्या सलामालाही मान न हलवता कंटेनरांच्या रांगेतून मोठ्या रस्त्याकडे चालू लागले.