धरणावरचे फिटरकाका

"वरचा रंग नोका पाहू, बाई," असं म्हणून ते लाँचच्या तळाची फळी उचलायचे आणि अर्धे आत गडप व्हायचे. आम्ही तीन शिक्षिका काठावर ताटकळत. धरणापलीकडच्या मराठी शाळेत जायला पाटबंधारे खात्याची ती एकच लाकडी लाँच होती आणि तिचे फिटर म्हणजे हे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याच्यामुळे रोज उशीर होतो आणि तरी ज्याच्यावर रागावता येत नाही.

आत काय करता, असं मी एकदा विचारलं. त्यांनी मलाच वाकून पाहायला लावलं. लाँचचा पंखा पितळेचा, सुकाणूचे बोल्ट लोखंडाचे. दोन धातू एका पाण्यात आले की लोखंड हळूहळू खाल्लं जातं. म्हणून काकांनी सगळे धातूचे भाग तांब्याच्या तारेनं जोडून ती तार तळाच्या जस्ताच्या पट्टीपर्यंत नेली होती. मग आधी जस्त झिजतं आणि बोल्ट वाचतो. पट्टीवर पांढरा थर धरला की ते लाँच काठावर ओढून घ्यायचे आणि तो खरवडून काढायचे.

त्यांना पोहता येत नव्हतं. आम्ही हसलो तेव्हा म्हणाले, "म्हणून तं एवढं पाहून राह्यलो."

एका उन्हाळ्यात हैदराबादहून मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून लाँच रंगवायला काढली. काका तेव्हा सुट्टीवर होते. रंगाऱ्यांनी बोल्टांवर, जस्ताच्या पट्टीवर, सगळीकडे निळा रंग फासला आणि बऱ्या दिसत नाहीत म्हणून तारा कापून टाकल्या. काका परत आले, आत शिरले, बाहेर आले आणि इंजिनची किल्ली खिशात घालून काठावर बसले. रंगाखाली जस्त झिजत नाही, मग बोल्टच खाल्ला जातो; रंग काढून तारा जोडल्याशिवाय लाँच सुटणार नाही, म्हणाले.

धरणावरच्या इंजिनिअर साहेबांनी आधी तेलुगूत समजावलं, मग हिंदीत दरडावलं. तपासणीआधी रंगाला हात लावायचा नाही, नाहीतर नोकरी जाईल. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. किल्ली मात्र दिली नाही.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. एवढा हट्ट कशाला, आठ दिवसांत बोल्ट थोडाच तुटतो, असं म्हटलं. तेव्हा ते सांगू लागले. आधीच्या लाँचच्या सुकाणूचा बोल्ट भर पाण्यात तुटला होता. लाँचमध्ये बाळंतपणात अडलेली एक बाई होती, तिला दवाखान्यात न्यायचं होतं. लाँच दोन तास भरकटत राहिली. बाई वाचली, लेकरू गेलं.

"बोल्टाले नवा रंग होता, बाई. मी वरूनच पाह्यलं."

त्यांना तेलुगू लिहिता येत नसे, म्हणून इंजिनिअर साहेबांसाठी अर्ज मी लिहिला. त्या बाईचा प्रसंग मी गाळणार होते, कारण तो लिहिला तर नोकरी खरंच गेली असती. पण काका अडून बसले.

"माही चूक बी लिवा. नाई तं साहेब काऊन ऐकतीन?"

साहेबांनी अर्ज उभ्या उभ्याच वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. ती बाई कोणत्या गावची, एवढंच त्यांनी विचारलं आणि रंगाऱ्यांना बोलावून घेतलं. तपासणीच्या दिवशी लाँच अर्धी निळी, अर्धी खरवडलेली उभी होती. मोठे साहेब जीपमधून उतरलेच नाहीत.

पुढे काका निवृत्त झाले तेव्हा आम्ही शाळेत हार घालून त्यांना बोलायला उभं केलं. ते टोपी हातात फिरवत राहिले.

"तुमी समदे रोज घरी गेले," ते म्हणाले. "मले तेवढंच पायजे होतं."

आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी काका आणि काकू मावला या गावी लेकीकडे राहायला निघाले. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाचंच शेवटचं. बस सुटली तसा काकांनी निरोपाला खिडकीतून हात बाहेर काढला. तो तसाच बाहेर राहिला. वळणावर काकूंनी तो हलकेच धरून आत घेतला.