उस्ता शहाताचं चौथं रीळ

नमाज संपली आणि उस्ता शहाताने मला मशिदीच्या पायऱ्यांवरच गाठलं. चपला शोधतोय असं दाखवत जवळ आला.

“रिफत, ती कैरोची बाई आज खरंच येतेय का रे?”

“चार वाजता. का?”

“तिने ‘मिठाचं कोठार’ चित्रपट बघितलाय?”

“बघितलाय म्हणजे काय, घेऊन येतेय! स्वच्छ केलेली प्रत. निर्मात्याच्या वारसांची कोर्टातली भांडणं मिटली, इतक्या वर्षांनी चित्रपट डब्यातून सुटला एकदाचा.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, साखर उतरली.

दमनहूरच्या ‘नसीम’ सिनेमात शहाताने एकतीस वर्षं प्रोजेक्टरवर चित्रपट चालवले. थिएटर बंद होऊन तिथे लग्नाचा हॉल झाला. आता तो पंखे दुरुस्त करतो, तरी गाव त्याला उस्ताच म्हणतं. हातात कसब असलेल्या माणसाचा हा मान आहे, तो मागून मिळत नाही. आमच्या टेबलावर तो सगळ्यात कमी बोलतो. मी सगळ्यात जास्त बोलतो असं लोक म्हणतात. लोकांना काय, तोंड आहे.

हे टेबल आमच्या कॉफीखान्यात आहे, दर शुक्रवारी आम्ही तिथे जमतो. दर जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी तिथे ऐंशीच्या दशकातले दहा उत्तम चित्रपट ठरतात. चिठ्ठ्या टाकून, भांडून, एकमेकांच्या अकलेचे वाभाडे काढून. यादी चौकट करून भिंतीवर लागते. आज तोच शुक्रवार होता. नऊ जागा बदलतात, पहिली कधीच नाही. तिथे ‘मिठाचं कोठार’, आणि त्याला कारण लबीब सर. शाळेत भूगोल शिकवत, पण खरं शिकवलं त्यांनी आम्हाला चित्रपट बघायला. त्यांचं म्हणणं एकच: “विसाव्या मिनिटाला नायकाचा जनाजा दाखवायचा आणि मग पाऊण तास त्याला जिवंत, हसता-खेळता दाखवायचा! एवढी हिंमत दुसऱ्या कोणाकडे होती, नाव सांगा.” हिलमी न्हावी दरवर्षी एक नाव सांगायचा आणि दरवर्षी सरांकडून झोडपला जायचा.

पायऱ्यांवर शहाता म्हणाला, “जनाजा पाचातल्या चौथ्या रिळात आहे.”

“म्हणजे?”

“डबे गाडीतून उतरले तेव्हा लोक आत बसले होते. तपासायला वेळच नव्हता. अलेक्झांड्रियाच्या वितरकांनी रिळं भलत्या डब्यांत भरली होती. दोन नंबरच्या डब्यात चौथं, चारच्या डब्यात दुसरं. मी डब्यांवरचे नंबर बघून लावली. जनाजा निघाला आणि सगळं थिएटर रडायला लागलं. पुढे तो माणूस पडद्यावर जिवंत आला, तर लोक उभे राहिले रे! मालक धावत वर आला, म्हणाला, हेच असंच चालू दे. अकरा आठवडे चाललं.”

मला आधी हसू आलं. मग लबीब सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ती बाई जुन्या चित्रपटांवर लिहीत असलेल्या पुस्तकासाठी सरांनी पंधरा दिवस खपून लेख लिहिला होता. आज तिच्यासमोर वाचणार होते.

“आत्ताच्या आत्ता त्यांना सांगतो,” शहाता म्हणाला.

“गप्प बस,” मी म्हणालो. “मी बाईला बाहेर गाठतो आणि समजावतो. तिने मान डोलावली की झालं. म्हाताऱ्याची अब्रू राहील.”

ही माझी अक्कल. आणि वर मला तिचा अभिमान!

बाई साडेतीनलाच येऊन बसली होती. नेव्हीन तिचं नाव, वागायला साधी. आम्ही पोचलो तेव्हा लबीब सर चष्मा पुसत होते, कागद उघडलेले होते. मी बाईला खुणावू लागलो तर हिलमी ओरडला, “रिफत, डोळ्यात काय गेलंय तुझ्या? बस की!”

सर वाचू लागले. जनाजा आला, हिंमत आली. नेव्हीनच्या कपाळावर आठी पडली. तिने लॅपटॉपकडे बघितलं, मग सरांकडे. मी टेबलाखालून शहाताचा गुडघा दाबून धरला होता.

मग सरांनी पान उलटलं आणि आम्ही कधीच न ऐकलेलं वाचलं. “सहा वर्षं मी वडिलांशी बोललो नव्हतो. त्या दिवशी तीनच्या खेळातून बाहेर पडलो. ज्याला आधी पुरलेलं बघितलं, तो माणूस पुढे भाजी निवडताना बघवत नव्हता. सरळ स्टेशनवर गेलो, गावी वडिलांकडे. दोन महिन्यांनी ते गेले. हे दोन महिने मला एका दिग्दर्शकाने दिले.”

हिलमीसुद्धा मान खाली घालून बसला. नेव्हीन हळूच म्हणाली, “सर, एक विचारू? जनाजा तर...”

शहाताने माझा हात झटकला आणि उभा राहिला. “मॅडम, तुम्ही नका. मी सांगतो.” आणि पायऱ्यांवर मला सांगितलं ते सगळं त्याने सांगितलं. फक्त मालकाचं नाव पुढे केलं नाही. “मी लावलं, मीच तसं ठेवलं,” एवढंच.

सरांनी नेव्हीनला विचारलं, “तुमच्या प्रतीत जनाजा कधी येतो?”

“शेवटाकडे, सर.”

“बरोबर. तिथेच यायला हवा.” त्यांनी कागद एकावर एक नीट लावले. मी हिलमीकडे बघितलं. हसला असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. तो हसला नाही.

“अडतीस वर्षं,” सर म्हणाले. “दर शुक्रवारी मी बोलत होतो आणि तू शेजारी बसून चहा पीत होतास.”

“तुम्ही इतकं सुंदर बोलायचात, सर. पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. मग रोज अवघड होत गेलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ऐकायला आवडायचं. माझ्याच कामाचं कौतुक होतं ते.”

सरांनी यंदाच्या यादीची कोरी चिठ्ठी पुढे ओढली, पहिल्या ओळीत ‘मिठाचं कोठार’ लिहिलं आणि सगळ्यांसमोर उघडीच टाकली.

“चित्रपट पहिलाच राहील. मी जे बघितलं, ते बघितलं. वडिलांकडे मी गेलो, ते काही आता खोटं होत नाही.” मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, “शहाता, तू या टेबलावरून ऊठ.”

उस्ता म्हणाले नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. शहाता उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि निघून गेला. मी म्हणायला हवं होतं, सर, गप्प बस म्हणून मीच सांगितलं त्याला. इतर वेळी माझं तोंड बंद होत नाही, त्या दिवशी उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या शुक्रवारी शहाता आला, पण दारापाशी एकटा बसला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. सर त्याच्याशी बोलत नाहीत, सलामसुद्धा घेत नाहीत. मात्र कुठल्याही चित्रपटाचा विषय निघाला की आपली खुर्ची दाराकडे वळवतात आणि गरजेपेक्षा बरंच मोठ्याने बोलतात.