बॉनेटवरचा हात

संगमनेरला आमची गाडी दुरुस्त करणारे गॅरेजवाले काका आधी बॉनेटवर उलटा हात ठेवतात, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग डोळे मिटून इंजिन ऐकतात. त्यातली बारीकशी कुरकुरही त्यांना कळते. गाडी रोज मी चालवते, पण माझं बोलणं मात्र त्यांना ऐकूच येत नाही, असं मला वाटायचं.

"काका, हायवेला टेंपरेचरचा काटा खाली असतो. बसस्टँडपाशी गर्दीत अडकलं की चढतो. रेडिएटरचा फॅन फिरत नसेल," मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

"साहेबांना फोन लावा, ताई. त्यांच्याशी बोलतो."

पप्पांशी बोलून त्यांनी कूलंट बदललं, आठवड्याने थर्मोस्टॅट. काल चंदनापुरी घाटात ट्रॅफिकमध्ये बॉनेटमधून वाफ आली आणि शेजारी बसलेली आई घाबरून रडायला लागली.

आज मी गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तिथेच उभी राहिले. काटा चढत गेला, फॅन हलला नाही. काकांनी फॅनची मोटर थेट बॅटरीला जोडली, तरी तो फिरला नाही. नवी मोटर बसल्यावर काटा निम्म्यावर थांबला. त्यांनी लगेच पप्पांना फोन लावला.

"साहेब, घावलं बघा! फॅनच बंद हुता. लई डोकं लावलं."

"हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हणाले. त्या गॅरेजमध्ये इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

"व्हय, म्हनल्या हुत्या की तुमी," ते हसून म्हणाले आणि पुन्हा पप्पांशी बोलू लागले.

म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं.