न बुजवलेली चाकोरी

आमच्या गावातून पक्क्या सडकेला लागायचं तर पांदणीशिवाय दुसरी वाट नव्हती. पांदण म्हणजे दोन्हीकडच्या शेतांच्या धुऱ्यांमधून, म्हणजे बांधांमधून, गेलेली बैलगाडीची कच्ची वाट. दर्यापूरच्या बाजूची ही सगळी जमीन काळी. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पाय सोडत नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी अमरावतीच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. त्यासाठी सायकल लागे, आणि पावसाळ्यात ती मी चालवण्यापेक्षा खांद्यावर जास्त वाहिली.

तसा नियमच होता. गावात कुणी सायकल घेतली की त्याला तो आधी ऐकवला जाई. पांदण ओली असली की सायकल खांद्यावर घ्यायची. चिखल चुकवायला धुऱ्यावर चढायचं नाही, वाटेच्या मधूनच जायचं, कारण कडेकडेने चालणाऱ्यांमुळे वाट रुंदावते आणि शेजारच्याच्या पिकाची एकेक ओळ खात जाते. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली तर सायकलवाल्याने थांबायचं. ओल्यात चाक फिरवायचं नाही हे सर्वांत महत्त्वाचं. ओल्या मातीत चाकाची चाकोरी पडते, ऊन पडलं की ती विटेसारखी कडक होते, बैलाचा पाय तिच्यात मुरगळतो, आणि पुढच्या पावसाचं पाणी नेमकं तिच्यातून धावतं. बोटभर चाकोरीची पाहता पाहता नाली होते.

तरीही कधी कुणाला ओल्यात जावंच लागे. कुणाला साप चावलेला असे, कुणाच्या घरी बाळंतीण अडलेली असे. त्यांच्यासाठी दुसरा नियम होता. पाऊस उघडून वापसा आला, म्हणजे माती धड चिकट नाही आणि धड कोरडी नाही अशी झाली, की ज्याने चाकोरी पाडली त्यानेच फावडं घेऊन ती बुजवायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. दुसऱ्याची चाकोरी बुजवतात ती फक्त मेलेल्या माणसाची, आणि तीही घरच्यांनी. जिवंत माणसाची बुजवली तर त्याची परत यायची वाट बुजते, असं मानत. मी यावर विश्वास ठेवतो असं कुणी उघड म्हणत नसे. पण तो नियम मोडलेला मी पाहिला नव्हता.

आमच्या शेजारच्या घरात तिघं होती. मुलगा दर्यापूरला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात फिटर होता, सायकलने जाई-येई. त्याची आई म्हातारी होती. बायको सातवी शिकलेली, माझ्याकडचं वर्तमानपत्र माझ्याआधी वाचणारी. मी तिला वहिनी म्हणत असे. त्या घराने काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि देव्हाऱ्यातलं सगळं नदीत सोडलं होतं. भुताखेतांचा विषय निघाला की वहिनी म्हणायच्या, "भाऊ, भुतं तुमच्या पेपरातच जास्त असतात. आमच्याकडं कोणी येत नाई."

भाद्रपदातल्या एका दुपारी त्या घरातून वाढलेले आवाज ऐकू आले. सकाळपासून पाऊस लागलेला होता. कशावरून बोलाचाली झाली ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही मी विचारलं नाही. तो बाहेर आला, सायकलचे दोन्ही मडगार्ड काढून भिंतीशी ठेवले आणि अंगणातच सायकलवर बसला.

मी ओसरीतून हाक मारली, "अरे, खांद्यावर घे!"

"बुजवीन मी आल्यावर," तो न वळता म्हणाला.

मडगार्ड नसल्यामुळे चिखल अडकला नाही. माती भिजून पातळ झाली होती, तिच्यातून चाक निघालं. त्याच्या दारापासून बाभळीपर्यंत चाकोरी पडली. तिथे पांदणीला फाटा होता. एक वाट सडकेला जाई, दुसरी पूर्णा नदी ओलांडायच्या उताराला. फाट्यावर मुरूम असल्याने पुढे चाकाची खूण नव्हती. तो जिनात पोहोचला नाही. पूर्णेला पूर होता. पोलीस आले, काठाने फिरले, परत गेले. माणूस सापडला नाही, सायकलही नाही. मी चार ओळींची बातमी पाठवली. 'बेपत्ता' या मथळ्याखाली ती छापून आली.

वापसा आल्यावर गावाने आपापल्या चाकोऱ्या बुजवल्या. त्याची राहिली.

पांदणीला लागून ज्यांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती ते काकाजी मला वाटेत अडवून म्हणायचे, "काय पेपरवाले, छापा ना एवढं, का माह्या शेतातून नाली जाऊन राह्यली म्हणून!"

"तुम्हीच बुजवा की, काकाजी."

"मी? बाप्पा! त्या माउलीच्या पोराले मी मारू काय? सांगा त्याच्या बायकोले."

ते वहिनींना सांगायला कुणी गेलं नाही. हिवाळ्यात अकोल्याहून त्यांचा भाऊ आला. तिथल्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायची सोय होती, तो त्यांना न्यायला आला होता. अंगणात बोलणं झालं, मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, तो मेला हे कळू दे, मी उद्या येते. जिता असन आन् घरी आला, तर दार कोण उघडन?"

"आन् कवाच नाई कळलं तर?"

सासू दाराशी बसून तूर निवडत होती, तिने मान वर केली नाही. भाऊ एकटाच परत गेला.

उन्हाळ्यात भुई फाटली. एरवी भेगा वेड्यावाकड्या जातात. त्या वर्षी पांदणीतली मोठी भेग चाकोरीच्या तळातून पडली, बाभळीपासून त्यांच्या दारापर्यंत. दुपारी वाटेवर कुणी नसताना ती काळी रेघ घरात शिरल्यासारखी दिसे. लोक तिच्यावरून पाय उचलून जात. पावसाळा लागला तेव्हा पाणी तिच्यातून आलं. उतार गावाकडेच होता, त्यामुळे प्रत्येक सरीनंतर बाभळीकडचं पाणी त्यांच्या उंबऱ्याशी येऊन थांबे. येताना ते खळग्यांतून टिकटिक आवाज करी, रिकाम्या सायकलचं चाक फिरावं तसा. तो पाण्याचाच आवाज होता. तरी तो आला की दोन्ही घरांत बोलणं थांबे.

श्रावणात एकदा पाऊस उघडला. सकाळी लोक पांदणीत गेले तेव्हा बाभळीकडची चाकोरी बुजलेली होती. दोन्ही कडांची माती आत ओढून वरून टाचेने दाबली होती. फाट्यापासून निम्म्या वाटेपर्यंत, जिथे पांदण वळते आणि आमची घरं पहिल्यांदा दिसतात, तिथपर्यंत. त्या वळणाच्या अलीकडे, घरांच्या बाजूला, ती तशीच उघडी होती. पहाटे भुरभुर येऊन गेल्यामुळे पाऊलखूण राहिली नव्हती.

काकाजींना मी विचारलं. "लेकराइची आण," ते म्हणाले, "मी हात नाई लावला." त्यांचे बैल त्या दिवशी वळणापुढे जाईनात, असं गावात सांगत. ते मी पाहिलेलं नाही.

वहिनी पाहायला आल्या. वळणावर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. संध्याकाळी त्यांनी अंगण सारवलं. त्या दिवसापासून भाकरी जास्तीच्या होऊ लागल्या.

पुढच्या उघडिपीत चाकोरी आणखी थोडी बुजली, वळणाच्या अलीकडे. मग आणखी थोडी. दर वेळी ती घराच्या जवळ येत होती. बायका गवताला एकट्या जायच्या थांबल्या. पाणवठ्यावर कुणीतरी म्हणालं, "येऊन राह्यला," आणि कोण हे विचारायची गरज पडली नाही. वहिनींनी भुतांची थट्टा करणं सोडलं. मी बाहेरून आलो की वर्तमानपत्र मागण्याआधी त्या विचारत, "भाऊ, कुठवर आली?"

मी सांगत असे. चिंचेपर्यंत आली. काकाजींच्या विहिरीपर्यंत आली.

एका सकाळी, चांगलं उजाडल्यावर, मी निघालो तर पांदणीच्या तोंडाशीच कुणीतरी बसलेलं दिसलं. पाठ माझ्याकडे होती. दोन्ही हातांनी माती ओढून चाकोरीत भरणं चाललं होतं. ती म्हातारी होती. मी काही बोलायच्या आत मागून वहिनी आल्या.

"आत्याबाई!"

म्हातारी उठली नाही. "पाहू नको, पोरी. आता थोडीच राह्यली."

"कावून करून राह्यल्या हे? कोणी सांगतलं तुमाले?"

"कोण सांगन? तूच नाई का सुरू केली? बाभळीपासून अर्धी तू बुजवली. मले वाटलं, पोरीनं मन घट्ट केलं, पण तोंडानं बोलता नाई येत तिले. मंग उरलेली आईनंच बुजवावी. तू अकोल्याले जाशीन, तुयं काहीतरी होईन."

"मी नाई बुजवली."

"अवं, मले कायले लपवते?"

"आत्याबाई, मी फावड्याले हात नाई लावला. कवाच नाई."

म्हातारीचे हात मातीत तसेच राहिले. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर आम्ही तिघांनीही वर, वळणाकडे पाहिलं. बारीक पाऊस सुरू झाला होता. वाटेवर कुणी नव्हतं.

वहिनी चालत वळणापर्यंत गेल्या. मीही गेलो. फरक उघड दिसत होता. अलीकडच्या भागावर बोटांचे खळगे होते, पलीकडचा भाग टाचेने ठोकून सपाट केलेला होता. वहिनींनी त्यावर आपली टाच दाबून पाहिली. ती रुतली नाही. तिथे उभं राहून त्यांनी घराकडे पाहिलं. त्या जागेवरून दार, भिंत आणि भिंतीशी टेकलेले दोन मडगार्ड दिसत होते.

परत येऊन त्या म्हणाल्या, "तो जिता हाय. इथवर आला, घर पाह्यलं, आन् वापस गेला."

"नाई वं," म्हातारी म्हणाली. "मेलेलं माणूस बी आपलं राह्यलेलं काम कराले..."

"मेलेले फावडं नाई धरत. आपण ते भुताखेताचं सोडलं ना?"

"जिता असता तर दारात नसता आला काय?"

"दारात यायचं असतं तर अर्ध्यातून कावून गेला असता, आत्याबाई?"

आवाज चढलेला नव्हता. बातमी वाचून दाखवावी तशा त्या बोलल्या.

मी नंतर जिनात विचारलं, पूर्णेवरच्या नाववाल्याला विचारलं, सडकेवरच्या चहाच्या टपरीत विचारलं. त्याला पाहिल्याचं कुणी सांगितलं नाही. गावातही ते काम आपण केलं असं पुढे कधी कुणी कबूल केलं नाही. एवढंच मला सांगता येतं.

त्याच आठवड्यात वहिनी भावाबरोबर अकोल्याला गेल्या. ट्रंक डोक्यावर घेऊन त्या पांदणीच्या मधून, बुजवलेल्या मातीवरूनच चालत गेल्या. वळणावर थांबल्या नाहीत. सासू निरोप द्यायला बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी पुन्हा पांदणीत बसलेली दिसली. मुलगा जिवंत असेल तर त्याची वाट आईनेच बुजवली होती. आपण भरलेली माती ती दारापासून वरच्या दिशेने उकरून काढत होती. खुरपी शेजारी पडली होती, ती बोटांनीच काढत होती. काकाजी बैल घेऊन आले, आपल्या शेताकडे पुन्हा उघडत चाललेली नाली त्यांनी पाहिली, आणि बैल वळवून ते दुसऱ्या धुऱ्याने गेले.

"मावशी, राहू द्या," मी म्हणालो. "पाऊस येतोय."

"येऊ दे," ती म्हणाली. "बाजूले व्हय, भाऊ. त्याच्यात पाय नको देऊ."

काढलेली माती ती धुऱ्यावर टाकत नव्हती. पदरात घेत होती.