कोयीची खळ

टाकीत बोट बुडवायचं, चाटायचं, थुंकायचं आणि म्हणायचं, "तुरट हाय. पुन्हा धू." आंब्याच्या कोयी फोडून आतल्या गराची कापडाला लावायची खळ करणारा हा माणूस परभणीकडचा. गुजरातेत, शहराच्या कडेला भेस्तानला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. त्याच्या हाताखाली मी चार वर्षं काम केलं आणि चार वर्षं मार खाल्ला.

हात त्याचा फार लवकर उठायचा. एकदा मी कंटाळून गर न धुताच दळायला टाकला, तर त्यानं कोयी फोडायचा हातोडा फेकून मारला. कानाला घासून गेला. "तुरटपणा लोखंडी टाकीत काळा पडतो, गाढवा. गिऱ्हाइकाचं पांढरं कापड नासंल," म्हणाला आणि वर दोन थोबाडीत दिल्या. मग त्यानंच कानाला हळद लावली. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

हिशेब सोपा होता. शहरात प्लेग येऊन गेल्यापासून कचऱ्याचा सगळ्यांनीच धसका घेतला होता. आमरसाच्या कारखान्यामागं कोयींचा ढीग कुजत पडायचा आणि मालक मामाला हात जोडायचा, "लई जाव, भाई," म्हणजे घेऊन जा बाबा. फुकटच्या कोयींची खळ मक्याच्या खळीपेक्षा स्वस्त पडायची. पलसाण्याचा एक कापडवाला ती घ्यायचा. तो एकच गिऱ्हाईक. तो गेला तर शेड बंद.

पण आमची खळीची पोती विकली जाताना लोकांनी पाहिली आणि कचऱ्याला भाव आला. मालकानं कोयींचा ठेका दुसऱ्याला दिला. ठेकेदाराची माणसं ढीग उचलायला आली तेव्हा मामा हातोडा घेऊन ट्रकसमोर उभा राहिला. "काल नाक धरीत होता, आज मालक झालात व्हय?" एकानं त्याला ढकललं. मामानं त्याचा गुडघा फोडला. मग तिघं गज घेऊन तुटून पडले. कोय फुटताना होतो तसाच आवाज येत होता. जबड्यावर गज बसला आणि मामाची जीभ त्याच्याच दातांत सापडली. टोक तुटून रक्तात पडलं. मी ढिगामागं दडून होतो. बाहेर आलो नाही.

दवाखान्यातून आला तेव्हा शेडमध्ये शेवटच्या फेरीपुरता गर उरला होता. एक हात प्लास्टरात होता; दुसऱ्या हातानं पाणी ओढून त्यानं तो धुतला. टाकीत बोट बुडवून चाटलं, पुन्हा चाटलं. काहीच कळेना. मग माझ्याकडं बघून कसंबसं बोलला, "तू सांग."

मी चाटलं. तुरट होतं. पण पुन्हा पाणी ओढताना त्याला बघणं माझ्यानं झालं नसतं. "न्हाई मामा. झालं."

चार दिवसांनी कापडवाल्यानं काळ्या डागांचा तागा दारात फेकला आणि संबंध तोडला. मी भिंतीला टेकून माराची वाट बघत राहिलो. मामानं डागांवरून बोट फिरवलं, माझ्याकडं पाहिलं आणि हातोडा कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो गावाकडं गेला. परत आला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढं पोटासाठी मी त्याच ठेकेदाराकडं लागलो; आता तोही कोयींची खळ करायचा. टाकीत बोट बुडवून चाटायचो आणि हाताखालच्या पोरांना म्हणायचो, "तुरट हाय. पुन्हा धू." माल अडवतो म्हणून मुकादम एकदा हात उगारून अंगावर आला. मी तोंड चुकवलं नाही.